नेपोलियनच्या काळातला साधा शिपाई स्वतः काय सांगून गेला

१८३० च्या दशकात लंडनच्या सोहो भागात बेंजामिन हॅरिस नावाचा एक मोची बूट शिवत बसायचा. मूळचा डॉर्सेटकडचा, बाप मेंढपाळ, लहानपणी हाही मेंढ्या राखायचा, मग लष्करात गेला आणि तिकडनं तब्येत पार मोडून परत आला. लिहिता येत नव्हतं त्याला. हेन्री कर्लिंग नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याशी त्याची ओळख झाली, हा माणूस बोलायला लागला की ऐकत राहावं असं आहे हे कर्लिंगच्या लक्षात आलं, आणि मग त्यानं हॅरिसला आठवेल तसं सांगायला लावलं आणि स्वतः लिहून घेतलं. १८४८ मध्ये ते पुस्तक म्हणून छापून आलं. त्या काळच्या साध्या शिपायाचं आयुष्य कसं होतं हे शोधायला आज इतिहासकार ज्या मोजक्या आठवणी उघडतात त्यातली ही एक.

हे सगळं समजून घ्यायला पार्श्वभूमी फार लागत नाही. १८०३ ते १८१५ अशी साधारण बारा वर्षं युरोप नेपोलियनच्या युद्धांत होरपळत होता, एका बाजूला फ्रान्स आणि त्यानं जिंकलेले किंवा दबावाखाली मित्र झालेले देश, दुसऱ्या बाजूला ब्रिटन आणि वेळोवेळी ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया. १८०८ पासून ब्रिटिश फौज पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये लढत होती, आणि १८१२ मध्ये नेपोलियन रशियात घुसला. आपल्याला शाळेत नकाशावरचे बाण आणि सेनापतींची नावं मिळतात, पण याच युद्धांमध्ये पहिल्यांदा असं झालं की बऱ्यापैकी संख्येनं खालच्या रँकच्या माणसांचे अनुभव कागदावर आले. कारण सरळ आहे, सक्तीच्या भरतीमुळे गवंडी, सुतार, शेतकऱ्यांची पोरं अशी सगळ्या थरातली माणसं फौजेत ओढली गेली, त्यातल्या काहींना थोडंफार लिहिता यायचं, आणि युद्ध संपल्यावर पुढची तीस चाळीस वर्षं ते वाचायला लोक आणि छापायला प्रकाशक दोन्ही होते.

आता या लिखाणाचे दोन प्रकार आहेत आणि हा फरक डोक्यात ठेवला तर अर्धं काम होतं. एक म्हणजे त्याच वेळी लिहिलेली पत्रं आणि रोजनिशी. त्यात लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे माहीत नसतं, म्हणून ती भीती, तो कंटाळा ताजा असतो. दुसरा म्हणजे वीस तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणी. हॅरिसच्या तशा आहेत. ज्याँ रोश क्वान्ये नावाच्या फ्रेंच शिपायाच्याही तशाच, हा माणूस तिशी ओलांडल्यावर फौजेत असतानाच लिहा-वाचायला शिकला आणि सत्तरी उलटल्यावर आठवणी लिहायला बसला. इम्पीरियल गार्डमध्ये, म्हणजे नेपोलियनच्या खास निवडक फौजेत, घ्यायला उंची कमी पडत होती म्हणून मोज्यांत पत्ते घालून टाचा उंच केल्या, हे तोच सांगतो. अशा आठवणीत तारखा चुकतात, गावांची नावं उलटसुलट होतात, शत्रूचा आकडा वाढतो. पण बूट कुठं चावत होता, त्या दिवशी तोंडात काय पडलं, शेजारी कोण मेला, हे माणूस सहसा विसरत नाही. म्हणून मी हे वाचताना आकड्यांसाठी सरकारी कागद बघते, आणि अंगावर काय बीतलं ते मात्र यांच्याकडनंच ऐकते.

हॅरिसची भरती झाली १८०३ मध्ये, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. बापानं सोडवायचा खूप प्रयत्न केला, लहानपणी पोराचं उजव्या हाताचं बोट मोडलंय, हा काय बंदूक चालवणार असंही सांगून बघितलं, पण काही उपयोग झाला नाही. पुढे आयर्लंडमध्ये असताना त्यानं हिरव्या कोटातल्या ९५ व्या रायफल्सची तुकडी बघितली आणि त्यांचा तो रुबाब बघून इतका भाळला की स्वतःहून त्यांच्यात गेला. म्हणजे आधी ओढून नेलेला आणि मग आपणहून गेलेला, दोन्ही एकाच माणसात. हे मला फार खरं वाटतं, कारण शिपाई म्हणजे एकतर देशभक्त नाहीतर बळीचा बकरा असं आपण सोपं करून टाकतो.

शिपायाचं मुख्य काम काय असं कुणी विचारलं तर या आठवणी वाचून एकच उत्तर मिळतं, चालणं. लढाई वर्षातनं काही दिवस, बाकी सगळं चालणं, आणि तेही पाठीवर पंचवीस किलोच्या आसपास वजन घेऊन. पिशवी, ओव्हरकोट, ब्लँकेट, तीन दिवसांचं मांस आणि बिस्किटं, पाण्याचा डबा, काडतुसं, रायफल. हॅरिस कंपनीचा मोची, म्हणून त्याच्याकडे वर हातोडी, हत्यारं आणि दुरुस्तीचं चामडं. चामडं ठोकायला एक दगड लागतो, तोही त्याच्या पाठीवर होता, आणि एका टप्प्यावर त्यानं तो सरळ फेकून दिला. तो म्हणतो की या ओझ्यानं बरीच माणसं मेली, ओझं नसतं तर टिकली असती. ब्रिटिश शिपायाला पगार दिवसाला एक शिलिंग, त्यातनं जेवणाचे आणि कपड्यांचे पैसे कापून हातात फार थोडं यायचं, आणि मोहिमेवर असताना तेही महिनोन्‌महिने थकायचं.

आणि लढाई? ऑगस्ट १८०८ मध्ये पोर्तुगालमध्ये रोलिसा आणि विमेइरो अशा दोन लढाया पाठोपाठ झाल्या. सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हाच माणूस पाच वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढला होता, त्यावर पुढे येतेच. तर विमेइरोबद्दल हॅरिस सांगतो की थोड्याच वेळात आपण स्वतःच केलेल्या धुरात इतके गुरफटलो की स्वतःच्या रायफलीचा लाल भडका सोडून काही दिसत नव्हतं, धूर कपड्यांना चिकटून राहिला होता. बंदुकीची काळी दारू भयंकर धूर करायची. काडतूस कागदाचं, ते दातानं फाडायचं, म्हणजे दारूतला सोरा तोंडात जायचा आणि घसा कोरडा पडायचा, म्हणून लढाईच्या प्रत्येक आठवणीत तहान असते. हे एकदा कळलं की शिपायाच्या वर्णनात डावी फळी, उजवी फळी असलं काही का नसतं हेही कळतं, त्याला दहा पावलांपलीकडचं दिसतच नव्हतं. उलट एखादा साधा शिपाई अख्ख्या लढाईचा नकाशा सांगायला लागला तर समजायचं की तो भाग त्यानं नंतर कुठंतरी वाचलाय.

या आठवणींमध्ये मला ज्यानं सगळ्यात जास्त थांबवलं ते म्हणजे बायका. ब्रिटिश फौजेबरोबर शिपायांच्या काही बायका अधिकृतपणे परदेशी जायच्या, शंभर माणसांमागे चार ते सहा. कोण जाणार हे ठरवायला जहाजावर चढायच्या आधी चिठ्ठ्या टाकायचे, एका चिठ्ठीवर जायचं, दुसरीवर राहायचं. राहायचं निघालं तर बाई पोराबाळांसकट बंदरावर उभी, खर्चाला काही नाही, आणि नवरा परत दिसेल की नाही कुणालाच माहीत नाही. ज्या गेल्या त्यांना अर्धं रेशन आणि पूर्ण पायपीट.

रोलिसाच्या लढाईत हॅरिसच्या अगदी शेजारी जोसेफ कोचन नावाचा शिपाई पाणी पिता पिता गोळी लागून पडला. लढाई संपल्यावर हजेरी घेतली, कोचनचं नाव पुकारलं, उत्तर नाही. कुणी बघितलं का असं कॅप्टननं विचारलं, हॅरिस म्हणाला मी बघितलं, माझ्याच बाजूला मेला. बायको तिथंच उभी होती. ती म्हणाली मला जागा दाखव. हॅरिस तिला मैदानातनं घेऊन गेला, प्रेत तोवर ताठ झालं होतं, तिनं त्याला मिठी मारली, मग खिशातनं प्रार्थनेचं पुस्तक काढलं, गुडघ्यावर बसली आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती सगळी प्रार्थना स्वतःच म्हणाली. त्यांनी खड्डा खणून त्याला पुरलं आणि ती कंपनीबरोबर पुढे चालायला लागली. दुसरं करणार काय, परक्या मुलखात नवऱ्याशिवाय बाईला रेशनही फार दिवस मिळायचं नाही, म्हणून अशा विधवा काही दिवसांतच दुसऱ्या शिपायाशी लग्न करायच्या. काही दिवसांनी हॅरिसनं तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? ती म्हणाली, एवढं बघितल्यावर आता परत कुठल्याही शिपायाचा विचार करणार नाही. पुढे ती इंग्लंडला परतली. अधिकाऱ्याच्या रिपोर्टमध्ये या बाईला एक ओळही मिळाली नसती.

त्याच हिवाळ्यात, १८०८ संपता संपता, नेपोलियन स्वतः स्पेनमध्ये उतरला आणि ब्रिटिश फौजेला समुद्राकडे माघार घ्यावी लागली. मुख्य फौज सर जॉन मूरबरोबर ला कोरुन्याकडे गेली, हॅरिसची तुकडी जनरल क्रॉफर्डच्या हाताखाली विगोकडे. डोंगर, बर्फ, खायला नाही. बहुतेकांच्या पायात बूट उरले नव्हते, कपड्यांच्या चिंध्या, काहींची तर नजर गेली. एका आयरिश शिपायाची बायको रस्त्याच्या कडेला बर्फातच बाळंत झाली, फौज थांबू शकत नव्हती, सगळ्यांना वाटलं की आता हे तिघं संपले, आणि थोड्या वेळानं ती बाळ उराशी धरून मागनं चालत आली. नवरा बायकोनं आळीपाळीनं ते पोर उचलून आणलं आणि आई आणि बाळ दोघंही इंग्लंडला जिवंत पोचले.

याच माघारीत हॉवन्स नावाचा एक शिपाई पुटपुटला की छळण्यापेक्षा काहीतरी खायला-प्यायला दिलं असतं तर बरं झालं असतं. क्रॉफर्डनं ऐकलं. जागच्या जागी कोर्ट मार्शल, ३०० फटके. रात्र झाली होती म्हणून शिक्षा सकाळवर गेली, आणि सकाळी अख्खी ब्रिगेड उभी करून फटके मारले. त्याची बायको शेजारी उभी होती, संपल्यावर तिनं त्याच्या अंगावर कोट टाकला, पाठीची अशी अवस्था की त्याला काही उचलता येईना, मग त्याचं जॅकेट, पिशवी आणि काडतुसांचा बटवा ती घेऊन चालली. आता वाचताना आपल्याला क्रॉफर्डचा राग येतो. पण हॅरिस, ज्यानं हे डोळ्यांनी बघितलं, तो म्हणतो की या माणसानं दोघांना फटके मारले असतील पण शेकडो वाचवले, आणि इंग्रजी वर्दीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल मला इतका आदर वाटला नाही. क्रॉफर्ड स्वतः त्यांच्याबरोबर रात्रभर चालत होता, तेच भोगत होता. इथं मला वाटतं की आपला राग बाजूला ठेवून त्याचं ऐकून घ्यावं. फटके चांगले होते हे त्यातनं सिद्ध होत नाही, पण फौज विस्कटली की माणूस एकेकटा मरतो ही त्यांची भीती किती खोल होती हे कळतं, आणि हेही कळतं की जो वाचला तोच सांगायला उरला.

१८१२ चं रशिया याच्या कितीतरी पट मोठं. नेपोलियनच्या फौजेत सगळे मिळून सहा लाखांवर माणसं, त्यातले जवळजवळ निम्मे फ्रेंच नव्हतेच, जर्मन, पोलिश, इटालियन. याकोब वाल्टर हा वुर्टेम्बर्ग नावाच्या जर्मन राज्यातला गवंडी, कॅथलिक, १८०६ मध्ये सक्तीनं भरती झालेला. त्याच्या राज्यानं साधारण १५ हजार माणसं पाठवली, परत आले ते काही शेकड्यांत. त्याच्या आठवणी १९३८ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला छापल्या गेल्या, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी. त्याच्यात नाटकीपणा अजिबात नाही. तो कबूल करतो की आम्ही शेतकऱ्यांनी पुरून ठेवलेलं धान्य उकरून काढलं, घरं लुटली. आणि एक गोष्ट जी सगळ्यांनी लक्षात घ्यावी, त्याच्या लिखाणात उपासमार जातानाच सुरू होते, जून-जुलैच्या उन्हात. बर्फानं नेपोलियनला हरवलं असं आपण ऐकत आलो, पण थंडी पडायच्या आधीच, मॉस्कोला पोचेपर्यंत, मुख्य फौज भूक, हगवण आणि ताप यांनी अर्ध्यावर आली होती. फौज इतक्या वेगानं पुढे गेली की धान्याच्या गाड्या मागंच राहिल्या.

मॉस्कोत पाच आठवडे काढून १९ ऑक्टोबरला फौज परत निघाली. इम्पीरियल गार्डमधला सार्जंट आद्रियां बुर्गोन्य आपल्या पाठपिशवीत काय काय होतं त्याची यादीच देतो. काही पौंड साखर, थोडे तांदूळ, थोडी बिस्किटं, अर्धी बाटली दारू, सोन्या-चांदीच्या जरीचा एक चिनी रेशमी बायकी पोशाख, दागिने, हिरव्या मखमलीचं अस्तर असलेला बाईचा झगा, चांदीची चित्रं, चिनी मातीची एक बरणी. काडतुसं सोळा. ही यादी मी अनेकदा वाचलीय. पुढचे दोन महिने काय होणार हे माहीत असलेला माणूस झगा टाकून तांदूळ भरेल. पण कुणाला माहीत नव्हतं, ती लूट बरीचशी लवकरच रस्त्याच्या कडेला पडली, आणि थोड्या आठवड्यांत हाच बुर्गोन्य लिहितो की कुणाच्या हातात पाव दिसला असता तर निम्मा मागितला असता, नाही, पुरा मिळवायला त्याला मारलं असतं. एकदा त्याला थोडे बटाटे मिळाले. मित्रांना द्यायचे असं ठरवून तो निघाला आणि वाटेत लपून एकट्यानंच खाल्ले. ते तो पुढे लिहून ठेवतो, आणि त्याबद्दल स्वतःला माफ केलेलं नाही हेही लिहितो. मेडल मिळवल्याची गोष्ट कुणीही सांगेल, बटाट्यांची गोष्ट सांगायला कुणी जबरदस्ती केली नव्हती, म्हणून त्याच्या बाकीच्या लिखाणावरही माझा विश्वास बसतो.

नोव्हेंबरच्या शेवटी बेरेझिना नदीपाशी वाल्टरनं नेपोलियनला जवळनं बघितलं. फौजेचे भिकारी झालेले अवशेष समोरनं जात होते, लोक तोंडावर शिव्या देत होते, आणि वाल्टर म्हणतो की नेपोलियनच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, चेहऱ्यावर काही नव्हतं. बस, एवढंच. पुढे तो परत आपल्या उवांकडे आणि घोड्याकडे वळतो.

उवांचं सांगायला हवं, कारण इथं शिपायांचं म्हणणं तपासून बघायची संधी मिळाली. यांच्या सगळ्यांच्या लिखाणात उवा आहेत, हजारोंनी. २००१ मध्ये लिथुआनियात व्हिल्नियस शहरात बांधकाम चालू असताना एक सामूहिक कबर सापडली, तीन हजारांवर सांगाडे, आणि गणवेशाच्या बटणांवरनं कळलं की हे १८१२ च्या माघारीतले. मातीत उवांचे अवशेषही मिळाले, त्यात उवांमधून पसरणाऱ्या ट्रेंच फीवरचे जंतू सापडले असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०२५ मध्ये दातांमधल्या डीएनएवरनं पॅराटायफॉइड आणि उवांमुळेच होणारा उलटून येणारा ताप यांचेही पुरावे मिळाले. म्हणजे दोनशे वर्षांनी दातांनी साक्ष दिली.

आजार हाच खरा शत्रू होता हे हॅरिसच्याही नशिबी आलं. १८०९ मध्ये तो हॉलंडच्या किनाऱ्यावर वालखेरनला गेला, जवळपास ४० हजारांची मोहीम, दलदलीचा भाग. तिथं लढाईत ब्रिटिशांची १०६ माणसं मेली आणि तापानं ४ हजारांवर. हॅरिसचा ताप त्यानंतर कधी पुरता गेलाच नाही, आणि म्हणून तो सोहोत बूट शिवत बसला.

आता असई. वेलस्लीला स्वतःला ती आपली सर्वात कठीण आणि चांगली लढाई वाटायची. त्याच्या फौजेचे साधारण सोळाशे मेले, जखमी झाले किंवा हरवले, आणि हे आपल्याला कळतं ते मद्रास इंजिनियर्समधल्या जॉन ब्लॅकिस्टनसारख्या अधिकाऱ्यांच्या आठवणींतून, पत्रांतून. शिंद्यांच्या तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिलेले गोलंदाज मात्र बोलत नाहीत. आपल्याकडे कारकुनांची पत्रं आहेत, अखबार आहेत, बखरी आहेत, पण त्या तोफेवरच्या माणसाला कुणी सांग म्हटलं आणि लिहून घेतलं, असं माझ्या वाचनात आलेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतल्या सीताराम नावाच्या शिपायाच्या आठवणी आहेत, १८१२ मध्ये भरती, नेपाळचं युद्ध, पेंढाऱ्यांवरची मोहीम, पण त्या १८७३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्यानं इंग्रजीत छापल्या, मूळ हस्तलिखित सापडलं नाही, आणि त्या खरंच शिपायाच्या की साहेबाच्या यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. कर्लिंगनंही हॅरिसचं लिहून घेतलंच होतं, पण तिथं दोघं एकच भाषा बोलत होते.

एक झलक मात्र आहे. १८०९ मध्ये थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता, राजपुतान्यात, आणि त्याची तिथली पत्रं पुढे छापली गेली. थकलेल्या पगारासाठी धरणं धरून बसलेले शिपाई त्यात आहेत. आणि जोरावरसिंग नावाचा एक शिपाई आहे, जो दोन तीन वर्षं चाकरी केल्यावर बाई निघाला. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता, त्याला सोडवायला पैसे हवेत म्हणून ती पुरुषाच्या वेषात भरती झाली होती, जेवण वेगळं रांधायची, अंघोळ वेगळी करायची. उघड झाल्यावर गोष्ट दौलतराव आणि त्यांची बायको बायजाबाई, म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, यांच्यापर्यंत गेली, आणि तिच्या भावाच्या सुटकेसाठी भोपाळच्या नवाबाला पत्र गेलं. ब्रॉटननं तिच्याबद्दल आपुलकीनं लिहिलंय. पण ती स्वतः काय म्हणाली, पहिल्या दिवशी पागोटं बांधताना हात कापले का, रात्री पहाऱ्यावर काय आठवायचं, भाऊ घरी आला तेव्हा तो काय बोलला, यातलं त्याच्या पत्रात काही नाही.